जुन्या जीपला कूलंटची बाटली: कोणती घ्यायची, कुठे बसवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जीप जुनी महिंद्रा डिझेल, गाव देवगडकडचं. रेडिएटरशेजारची कूलंटची बाटली (इंजिन थंड ठेवणारं पाणी तापून फुगलं की जास्तीचं जिच्यात जातं ती) तडकली आणि मूळ बाटली कुठे मिळत नाही. आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूरला जाताना बाटलीतून पाणी उसळून बाहेर येतं. म्हणून दोन लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी बनवून घ्यायचा विचार आहे. ती कुठे बसवावी, आणि त्यात घरच्या विहिरीचं पाणी चालेल का?

यात दोन दुखणी एकत्र झालीत. बाटली फुटली हे एक, आणि घाटात पाणी बाहेर येतं हे दुसरं. पहिल्यावर नवीन बाटली हा उपाय आहे. दुसऱ्यावर तो उपाय नाही, बाटली पाच लिटरची केलीत तरी नाही. गॅरेजमध्ये अशा गाड्या येतात तेव्हा मी आधी दुसरं दुखणं बघतो. टाकी मोठी केली की उसळलेलं पाणी आत मावतं, रस्त्यावर काही सांडत नाही, मालकाला वाटतं काम झालं, आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाकेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

थोडा हिशेब करू. इंजिन थंड असताना तीस अंशाला असलेलं पाणी पंच्याण्णव अंशाला गेलं की साधारण साडेतीन टक्के फुगतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर चार टक्क्यांच्या आसपास. तुमच्या जीपमध्ये रेडिएटर, इंजिन, पाईप सगळं धरून नऊ लिटर मावतं असं समजा (नक्की किती ते पूर्ण रिकामं करून भरताना मोजून घ्या, रेडिएटर बदललेला असला तर आकडा बदलतो). नऊ लिटरचे चार टक्के म्हणजे साडेतीनशे मिली. निरोगी गाडी तापल्यावर बाटलीत एवढंच येणार आणि थंड झाल्यावर एवढंच परत जाणार. खाली तीन-चारशे मिली कायम शिल्लक हवं, म्हणजे नळीचं तोंड उघडं पडत नाही. वर तेवढीच मोकळी जागा. झाली एक-सव्वा लिटरची बाटली. दोन लिटरची टाकी चालणारच नाही असं नाही, पण गरज नसताना दोन किलो वजन पत्र्याला लटकवायचं आणि आपल्या रस्त्यांवर ते हादरत न्यायचं, तर ब्रॅकेटही तेवढंच दणकट लागतं.

आता साडेतीनशे मिलीच्या जागी लिटरभर पाणी बाहेर येत असेल तर ते फुगून आलेलं नाही. एक तर ते उकळतंय, किंवा हेड गॅस्केटमधून (हेड आणि इंजिन यांच्यामधल्या पातळ पॅकिंगमधून) सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय.

सगळ्यात स्वस्त संशयित आधी धरा: रेडिएटरची कॅप. तिचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आहे, आत दाब धरून ठेवायचा म्हणजे पाणी शंभराला उकळत नाही. कॅप ०.९ बारची असेल आणि तेवढा दाब खरोखर धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग दमली आणि ०.४ वरच सुटायला लागली तर ते १०९ वर येतं. भरलेली जीप दुसऱ्या गिअरवर घाट चढताना हा नऊ अंशांचा फरक फार मोठा आहे. कॅपवर छापलेला आकडा बघा आणि त्याच आकड्याची नवी घ्या. जास्त दाबाची घेऊन सुधारणा करू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे डाग दिलेले जोड ती सुधारणा सोसत नाहीत, पाणी मग जोडातून येतं.

दुसरं म्हणजे हवा. आपल्याकडे जांभ्याची तांबडी धूळ रेडिएटरच्या पात्यांमध्ये बसते, त्यावर पावसाळ्यात ओल लागते आणि उन्हाळ्यापर्यंत ती विटेसारखी घट्ट होते. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, आतल्या बाजूने बुजलेला असतो. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा, पण सर्व्हिस स्टेशनच्या जोराच्या फवाऱ्याने जवळून नको, पाती झोपतात. मग फॅनचा पट्टा बघा. आणि फॅनभोवतीचं काउल, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून लावलेलं कडं, जागेवर आहे का तेही बघा. जुन्या जीपचं काउल कोणीतरी कधीतरी काढून ठेवलेलं असतं, कारण ते असताना पट्टा बदलायला हात जात नाही. सपाटीवर त्यावाचून फारसं अडत नाही. घाटात गाडीचा वेग वीस-पंचवीसचा, रेडिएटरमधून हवा ओढायचं सगळं काम फॅनवर, आणि काउल नसेल तर फॅन बाजूची गरम हवाच फिरवत बसतो. त्यात कोकणातून वर चढताना तोंड पूर्वेला आणि दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून. समोरून मिळायची ती थोडी हवाही त्यात कमी होते. शक्य असेल तर भरलेली गाडी पहाटे घाट चढेल अशी काढा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकलेला असेल तर तो परत बसवा. 'आपल्याकडे थंडी कुठे आहे' म्हणून तो सर्रास काढतात. त्याने सपाटीवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट कायम उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच फिरतं.

हेड गॅस्केटची घरच्या घरी तपासणी अशी: सकाळी थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ, कॅप घट्ट, ओव्हरफ्लोच्या नळीचं (कॅपपासून बाटलीत जाणाऱ्या बारीक नळीचं) टोक पाण्याच्या डब्यात बुडवून गाडी सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर अडकलेली हवा समजा. पाणी अजून कोमट असतानाच बुडबुड्यांची धार लागली, थांबेनाच, तर बाटलीचा विषय बाजूला ठेवून हेड उघडावं लागेल. गरम इंजिनावर कॅप मात्र उघडू नका. फडकं धरून अर्धी फिरवायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, आणि भाजलेले हातही त्याच लोकांचे असतात.

हे सगळं ठीक निघालं असं धरून आता बाटलीकडे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच एक सावधगिरी. तुमच्या जीपमध्ये दाबाची कॅप रेडिएटरच्या डोक्यावर आहे आणि तिच्या मानेतून (कॅप बसते त्या रेडिएटरच्या तोंडातून) एक बारीक नळी बाटलीत जाते. म्हणजे बाटलीवर दाब नाही, ती नुसती साठवणीची. अशा ठिकाणी दुसरी बाटली लावायला हरकत नाही. बऱ्याचशा नव्या गाड्यांत रेडिएटरला कॅपच नसते, दाबाची कॅप थेट प्लॅस्टिकच्या टाकीवर असते आणि टाकीला खालून जाड पाईप जोडलेला असतो. ती टाकी चालू गाडीत उकळत्या पाण्याचा पूर्ण दाब सोसते, आणि ती इंजिन-रेडिएटरपेक्षा उंचावरच लागते, नाहीतर हवा धरते. तिथे मापाची मूळ टाकीच घ्या. तिच्या जागी घरगुती काही लावणं म्हणजे बोनेटखाली फुटणारी वस्तू ठेवणं.

बाटली कशाची? माझी पहिली पसंती अ‍ॅल्युमिनियमला नाही. दुसऱ्या एखाद्या गाडीची, सहज मिळणारी, तयार प्लॅस्टिकची बाटली घ्या. सुट्या भागांच्या दुकानात छोट्या ट्रकच्या, टेम्पोच्या, जुन्या मोटारींच्या बाटल्या शंभर आकारांत टांगलेल्या असतात. त्या पॉलिप्रॉपिलीनसारख्या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या असतात, आतली पातळी बाहेरून दिसते, खुणा छापलेल्या असतात, झाकणात हवेची वाट आणि बुडापर्यंत जाणारी नळी तयार असते, कानही ओतीव असतात. पुन्हा फुटली तर परत तीच मिळते. जुनी घेणार असाल तर उन्हाकडे धरून बघा. पिवळी पडून कडक झालेली, कानांपाशी केसाएवढी चीर असलेली सोडून द्या.

पाण्याची किंवा सरबताची रिकामी बाटली तारेने बांधलेल्या जीप मी पुष्कळ बघितल्यात. ते प्लॅस्टिक सत्तर-पंच्याहत्तर अंशांपाशी मऊ पडतं. घाटात पहिलं गरम पाणी आलं की बाटली आखडते, नळी निसटते. दुसरा धोका वेगळाच आहे: पिण्याच्या बाटलीतलं रंगीत पाणी उद्या कोणी पोर तोंडाला लावेल.

अ‍ॅल्युमिनियमची टाकी हवीच असेल तर करा, दिसायला छान दिसते. पण समुद्रकाठी तिच्या अटी आहेत. आर्गन वेल्डिंगचा चांगला माणूस हवा, पत्रा दोन मिलीचा हवा. जोडण्या पितळेच्या लावू नका. अ‍ॅल्युमिनियमला पितळ खेटलं, वर खारी हवा आणि ओल मिळाली की सांध्यापाशी पांढरी भुकटी धरते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. जोडणी अ‍ॅल्युमिनियमचीच वेल्ड करून घ्या. पट्टा स्टीलचा असेल तर मधे रबराची पट्टी घाला. आतलं दिसत नाही म्हणून बाजूला पारदर्शक नळी लावतात, म्हणजे गळायला आणखी दोन जागा. माझ्या मते खर्च जास्त आणि देखभालही जास्त. लोखंडी टाकी तर नकोच, गंज सुटून बारीक नळीत अडकतो.

जागा निवडायची तर मी अशी निवडतो. सायलेन्सरचं मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा, फार तापणारा ओतीव पाईप) ज्या बाजूला आहे ती बाजू सोडायची. कारण फक्त प्लॅस्टिक वितळण्याचं नाही. कूलंटमधलं पाणी तापलेल्या मॅनिफोल्डवर उडून जातं, मागे राहिलेलं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) चारशे अंशांच्या पुढे पेटू शकतं, आणि ओझ्याखाली चढणाऱ्या गाडीचं मॅनिफोल्ड तिथवर पोचतं. दुसरं, बॅटरी, डायनॅमो, फ्यूजचा डबा यांच्या वर बाटली नको. बाटली कधीतरी गळणारच, तेव्हा खाली काय आहे याचा आजच विचार करायचा. फॅनपासून, एक्सलेटरच्या वायरपासून, स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब.

उंची किती? या प्रकारच्या बाटलीला रेडिएटरपेक्षा उंच असायची सक्ती नाही. इंजिन थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि पाणी स्वतःहून ओढलं जातं. फूटभर खाली असलेली बाटलीही चालते. पण जितकी खाली तितकी ओढ जास्त लागते, आणि वाटेत एखादा सांधा जरा जरी ढिला असला तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. मानेपेक्षा बरीच वर लावली तर रेडिएटरची कॅप उघडताक्षणी बाटलीतलं पाणी उताराने येऊन सांडतं. म्हणून पाण्याची पातळी कॅपच्या आसपास किंवा वीतभर खाली येईल अशी जागा शोधा. जीपमध्ये बहुधा रेडिएटरच्या आधाराशेजारी मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ती सापडते. चाकाच्या बाजूला उघडी नको, खडी आणि खारट चिखल दोन्ही तिथे उडतात.

बाटली नेहमी बॉडीच्या पत्र्याला धरा, इंजिनला नाही. डिझेल इंजिन बंद होताना केवढा झोका घेतं ते बोनेट उघडं ठेवून एकदा बघा, म्हणजे इंजिनपासून दोन-तीन बोटं अंतर का ठेवायचं ते कळेल. बोनेट लागतं का हे बघायला कणकेचा गोळा बाटलीच्या झाकणावर ठेवा, बोनेट हलकेच बंद करून उघडा. गोळा दबून जेवढा जाड राहिला तेवढी फट. दीड-दोन सेंटीमीटर तरी हवी. पत्र्याला भोक पाडलंत की कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावा. आपल्या हवेत उघडी कड एका पावसाळ्यात फुलते.

नळी कॅपखालच्या निपलच्या (नळी चढवायच्या तोटीच्या) मापाची, बहुतेक सहा किंवा आठ मिली आतून. रेडिएटर होजच्या जातीच्या रबराची घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी सुरुवातीला सुंदर दिसते, पुढे गरम झाली की चपटते आणि जुनी झाली की काडीसारखी मोडते. वळणावर मुडपू देऊ नका आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा. इथे बरेच जण म्हणतात, 'दाब नाही तर क्लिप कशाला?' दाब नसला तरी ओढ आहे. मानेपाशी नळी सैल असेल तर गरम पाणी बाटलीत जातं पण थंड होताना बाटलीतलं पाणी परत येत नाही, हवा येते. रोज थोडं थोडं रेडिएटर रिकामं, बाटली मात्र भरलेली. मालक बाटली बघून निश्चिंत असतो.

नेमकी हीच गोष्ट चुकीच्या कॅपनेही होते. जुन्या जीपला, अ‍ॅम्बॅसेडरला पूर्वी पाणी सरळ रस्त्यावर सोडणारी नळी असायची, बाटली नव्हतीच. त्या काळच्या कॅपला खालचं एकच रबर असतं. बाटली लावायची तर दोन रबरांची कॅप हवी: खालचं रबर दाब धरतं, वरचं मानेचा काठ हवाबंद करतं. खालच्या तबकडीच्या मधोमध छोटी झडप असते, ती नखाने ओढली तर उघडली पाहिजे आणि सोडली की टपकन बसली पाहिजे. परतीचं पाणी तिच्यातूनच येतं.

बाटलीच्या झाकणाचं उलट आहे, ते हवाबंद असता कामा नये. बारीक भोक किंवा छोटी नळी हवीच, आणि तिचं तोंड खाली जमिनीकडे वळवा, पट्ट्यावर किंवा पुढच्या चाकावर नको. कूलंट टायरखाली आलं की घसरतं. गाडी पावसाळाभर उभी राहत असेल तर त्या तोंडावर बारीक जाळी बांधा. कुंभारीण माशीला असलं भोक फार आवडतं, मातीने बुजवून टाकते.

सगळं बसल्यावर थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरा, बाटली खालच्या खुणेच्या थोडी वर, आणि मार्करने रेघ मारा. गाडी चांगली तापवून या, पाणी कुठवर चढलं तिथे दुसरी रेघ. सकाळी ते पहिल्या रेघेवर आलं पाहिजे. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं खाली गेलं तर आतली हवा निघाली असं समजा आणि भरा. रोज चढलेलंच राहिलं तर कॅप किंवा नळीचा सांधा. रोज कमीच होत गेलं तर गळती शोधा. ओझं न भरता हे जमलं की मग पेट्या भरून घाटमाथ्यावरच्या दाजीपूरपर्यंत चढवून बघा.

शेवटी विहिरीचं पाणी. नको. किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि तो काळ नेमका तुमच्या सीझनचा. पाण्यातलं मीठ आतून धातू खातं, क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. नऊ लिटरला येऊन येऊन किती येईल? आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून कूलंट निम्मं घालायची गरज नाही, तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के पुरे. पण ते घालाच, कारण गंज रोखणारं द्रव्य त्यातच असतं. रंगावरून कूलंट ओळखू नका, हिरव्यात हिरवं आणि लालमध्ये लाल घातलं तरी आतलं रसायन वेगळं असू शकतं, आणि काही मिश्रणांचा चक्क लगदा होतो. आधी काय होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून साध्या पाण्याने खळबळून घ्या, शेवटचं पाणी डिस्टिल्डचं मारा, मग नवीन भरा. काढलेलं कूलंट अंगणात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा कूलंटनेही त्यांची मूत्रपिंडं जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक लिहून, जळकं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारा ते घेतात का.